निजामाच्या राज्यात मराठी शाळा उभी करणारा संन्यासी : अंबाजोगाईचे हेडमास्तर स्वामी रामानंद तीर्थ

सध्या जपानी भाषा शिकायची लाट आहे. मोबाईलवर व्हिडिओ बघून हिरागाना-काताकाना गिरवणारी पोरं पुण्यात आहेत तशी मराठवाड्यातही सापडतील. जपानमध्ये नोकरी मिळते, पगार चांगला असतो, एवढं सगळ्यांना कळलंय. पण तालुक्याच्या गावात असा क्लास काढायचा म्हटलं की गाडी एका ठिकाणी अडते. शिकवणार कोण? विद्यार्थी आहेत, जागा आहे, फी भरायची तयारीही आहे. शिक्षक तेवढा नाही.

गंमत म्हणजे बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईसमोर नव्वद वर्षांपूर्वी हाच प्रश्न होता. फरक इतकाच की तेव्हा भाषा परकी नव्हती. आपलीच मराठी होती.

मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या ग्रंथांत ज्याची गणना होते तो 'विवेकसिंधू' लिहिणारे मुकुंदराज ज्या गावचे, दासोपंतांची पासोडी ज्या गावात आहे, त्या गावात मराठीतून हायस्कूल चालवणं हे धाडस समजलं जात होतं. ते धाडस करायला जो माणूस आला तो भगव्या कपड्यातला होता, एम. ए. झालेला होता आणि मुंबईत गिरणी कामगारांच्या चळवळीत काम करून आलेला होता.

त्यांचं नाव स्वामी रामानंद तीर्थ.

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून आपण त्यांना ओळखतो. १७ सप्टेंबर आला की त्यांचा फोटो स्टेटसला लागतो. पण हा माणूस आधी मास्तर होता, आणि पुढच्या लढ्यासाठी लागणारी माणसं त्यांना शाळेतच मिळाली, हा भाग बऱ्याचदा मागे राहतो. आज तीच गोष्ट सविस्तर सांगू.

आधी जपानचं काय ते बघू

आता तुम्ही म्हणाल, निजाम, अंबाजोगाई आणि जपान यांचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो चांगला थेट आहे.

१९१७ साली सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने फर्मान काढलं आणि पुढच्या वर्षी हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं. तोपर्यंत भारतातल्या सरकारी विद्यापीठांत वरचं शिक्षण म्हणजे इंग्रजीच, असा रिवाज होता. उस्मानियाने तो मोडला. इथे विज्ञानापासून कायद्यापर्यंत सगळं उर्दूतून शिकवायचं ठरलं. पुस्तकं नव्हती म्हणून भाषांतराचं स्वतंत्र खातं काढलं. परकी भाषा बाजूला सारून देशी भाषेत विद्यापीठ चालवायचं हा त्या काळात मोठाच प्रयोग होता, हे मान्य करायला पाहिजे.

या प्रयोगाला आधार शोधायला हैदराबाद संस्थानाचे शिक्षण खात्याचे प्रमुख सय्यद रॉस मसूद १९२२ साली जपानला गेले. हे मसूद म्हणजे अलीगढच्या सर सय्यद अहमद खान यांचे नातू. जपानने पन्नास वर्षांत एवढी झेप कशी घेतली, हे त्यांना बघायचं होतं. परत येऊन त्यांनी जपानच्या शिक्षणपद्धतीवर एक सविस्तर ग्रंथच लिहिला. तो १९२३ साली प्रसिद्ध झाला.

जपानने केलं काय होतं? १८७२ साली त्यांनी सगळ्या देशासाठी शिक्षणाचा कायदा केला. पण कायदा करून शाळा चालत नाहीत, शिक्षक लागतात, हे त्यांना लगेच उमगलं. म्हणून त्याच वर्षी टोकियोत शिक्षक घडवणारी शाळा काढली. सुरुवातीला परदेशी तज्ज्ञ भरपूर पगार देऊन आणले. त्यांच्याकडून आपली माणसं तयार करून घेतली. मग हळूहळू परदेशी शिक्षकांच्या जागी जपानी शिक्षक आले आणि विद्यापीठातलं शिकवणंही जपानीत आलं.

म्हणजे धडा सरळ होता. लोकांच्या भाषेत शिकवा, आणि त्या भाषेत शिकवणारे शिक्षक आधी तयार करा.

हैदराबादने हा धडा घेतला, पण अर्धाच. कारण जपानमध्ये लोकांची भाषा जपानी होती. हैदराबाद संस्थानात लोकांची भाषा उर्दू नव्हती. जवळपास निम्मे लोक तेलुगू बोलत होते. पाव हिस्सा मराठी होता. साधारण दहावा हिस्सा कन्नड. उर्दू ही घरची भाषा असलेले लोक शंभरात दहाच्या आसपास.

मग बीड, अंबाजोगाई, लातूर, परभणी इथल्या शेतकऱ्याच्या पोराचं व्हायचं काय?

मराठी पोराची वाट कुठे अडायची

कागदोपत्री खालच्या वर्गांत मातृभाषेला जागा होती. पोरगं चार अक्षरं मराठीत गिरवायचं. वर जायची वेळ आली की उर्दू आडवी यायची. माध्यमिक शाळा उर्दूची, कोर्ट-कचेरी उर्दूची, तहसीलचा कागद उर्दूतला, नोकरी उर्दूवाल्याला. ज्याच्या घरी ही भाषा नव्हती त्याला आधी भाषा शिकायची आणि मग त्या भाषेतून विषय शिकायचा, असं दुहेरी ओझं होतं.

ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी पोरं सोलापूरला, पुण्याला पाठवली. बाकीच्यांनी शाळा सोडली. १९३१ च्या जनगणनेत हैदराबाद संस्थानात शंभरातल्या जेमतेम पाच जणांना लिहिता-वाचता येत होतं. बायकांची अवस्था तर त्याहून वाईट होती.

बरं, सरकार काढत नाही तर आपण आपली शाळा काढू, असं म्हणायचीही सोय नव्हती. खासगी शाळेला परवानगी लागायची. शाळाच कशाला, जाहीर सभा घ्यायची तर गश्ती निशान ५३ नावाचा हुकूम आडवा यायचा. चार माणसं जमवून भाषण करायचं असलं तरी आधी अर्ज करा आणि मंजुरीची वाट बघा.

अशा राज्यात मराठी शाळा चालवणं हे वर्गातलं काम उरत नव्हतं. ते राजकारण होतंच, कुणी मानो वा न मानो.

व्यंकटेश खेडगीकर नावाचा पोरगा

स्वामीजींचं मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, आजच्या उत्तर कर्नाटकातला. घरची परिस्थिती साधीच. शाळेसाठी ते सोलापूरला आले.

१९२० साली लोकमान्य टिळक गेले. पाठोपाठ गांधीजींची असहकार चळवळ उभी राहिली. सरकारी शाळा-कॉलेजं सोडा, अशी हाक आली. हजारो पोरं बाहेर पडली, त्यात व्यंकटेशही होता. लग्न करायचं नाही आणि आयुष्य देशाच्या कामाला द्यायचं, हा निश्चय त्यांनी याच वयात केला. असे निश्चय त्या काळात बऱ्याच तरुणांनी केले. यांनी तो शेवटपर्यंत पाळला.

पण शाळा सोडून पुढे काय? शिक्षण तर पाहिजे होतं. पोरांना सरकारी शाळेतून बाहेर काढलं तर त्यांना पर्याय द्यायला हवा, म्हणून देशात जागोजागी राष्ट्रीय शाळा आणि राष्ट्रीय विद्यापीठं निघाली. पुण्यात १९२१ साली टिळक महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं. व्यंकटेशने अमळनेर आणि पुण्यात पुढचं शिक्षण घेतलं आणि याच विद्यापीठातून एम. ए. केलं. प्रबंधाचा विषय होता लोकशाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या विद्यापीठाच्या पदवीला तेव्हा सरकारदरबारी किंमत नव्हती. ती दाखवून मामलेदार होता येत नव्हतं की सरकारी हायस्कुलात मास्तर होता येत नव्हतं. मग तिथे शिकलेल्या पोरांनी जायचं कुठे? बरेच जण गावोगावच्या राष्ट्रीय शाळांमध्ये गेले, चळवळीत गेले. विद्यापीठ आणि समाज यांनी हातात हात घालून काम करावं, असं आज धोरणांच्या कागदात लिहिलेलं असतं. त्या काळात ते असं आपसूक घडलं. नोकरी न देणाऱ्या पदवीने कित्येक गावांना मास्तर दिले.

व्यंकटेशराव मात्र लगेच गावात आले नाहीत. ते मुंबईला कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याकडे गेले. कामगार संघटनेचं काम केलं, गिरण्यांमधलं जग जवळून पाहिलं. या दगदगीत तब्येतीने दगा दिला. गंभीर आजारपण आलं आणि मुंबई सुटली.

हिप्परग्याची शाळा आणि भगवी वस्त्रं

१९२९ च्या सुमारास व्यंकटेशराव हिप्परग्याला आले. हे गाव आजच्या धाराशिव जिल्ह्यात आहे. तेव्हा ते निजामाच्या राज्यात होतं. इथे १९२१ पासून एक राष्ट्रीय शाळा चालू होती. आडबाजूचं गाव, साधनं तुटपुंजी, मास्तरांचे पगार म्हणजे नुसतं नाव. व्यंकटेशरावांनी या शाळेचं मुख्याध्यापकपद घेतलं.

याच काळात त्यांनी संन्यास घेतला. १४ जानेवारी १९३२ रोजी स्वामी नारायण तीर्थ यांच्याकडून दीक्षा घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. ही परंपरा वेदान्ताचा प्रचार अमेरिका आणि जपानपर्यंत करून आलेल्या स्वामी रामतीर्थांची. म्हणजे बघा, जपान इथेही डोकावून जातं.

साधारणपणे माणूस संन्यास घेतो तो संसारातून बाहेर पडायला. यांना तर संसारच नव्हता. त्यांनी भगवी वस्त्रं घातली, पण हिमालयाकडे गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही वर्ग होताच आणि तो घ्यायला तेच होते. संन्याशाला पगार लागत नाही, बदली लागत नाही, निजामाची मर्जी सांभाळायची गरज नसते. नोकरी जाईल या भीतीने तोंड बंद ठेवायचा प्रश्नच उरत नाही. मास्तरकीसाठी हा वेश फार सोयीचा ठरला.

१९३५ : मुक्काम पोस्ट अंबाजोगाई

हिप्परग्याला मर्यादा होत्या. गाव लहान, मुलं थोडी. कामाचा पसारा वाढवायचा तर मोठं गाव लागणार होतं. १९३५ साली स्वामीजी आणि बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे त्यांचे सहकारी अंबाजोगाईला आले.

तेव्हा या गावाचं सरकारी नाव मोमिनाबाद होतं. निजामाच्या काळातली लष्करी छावणी इथे होती. आणि दुसरीकडे योगेश्वरीचं देऊळ, मुकुंदराजांची समाधी, दासोपंतांची परंपरा. एकाच गावाला दोन नावं आणि दोन तोंडवळे.

इथे योगेश्वरी नूतन विद्यालयाची धुरा स्वामीजींनी खांद्यावर घेतली.

आता परत सुरुवातीचा प्रश्न येतो. शिकवणार कोण? संस्थानात मराठीतून माध्यमिक विषय शिकवणारे शिक्षक तयार होण्याची सोय जवळपास नव्हती. कारण संस्थानातलं एकुलतं एक विद्यापीठ उर्दूतून शिकवत होतं. तिथून पदवी घेऊन आलेल्या मराठी माणसालाही भूमिती आणि विज्ञान उर्दू शब्दांतच यायचं. जपानने शिक्षकांची शाळा आधी काढली ती नेमकी याच कारणासाठी. भाषेला मान्यता देऊन भागत नाही, त्या भाषेत विषय सांगू शकणारा माणूस लागतो.

योगेश्वरीने हा प्रश्न सोडवला तो माणसं जोडून. हिप्परग्यापासून सोबत असलेले मास्तर आले. ब्रिटिश मुलुखात शिकलेले, ध्येयाने झपाटलेले तरुण आले. बाकी जबाबदारी गावाने उचलली. सरकारी अनुदानाच्या जिवावर ही शाळा उभी राहणं शक्य नव्हतं. ती उभी राहिली लोकवर्गणीवर आणि लोकांच्या विश्वासावर. आपलं पोरगं ज्या शाळेत घातल्याने सरकारचा डोळा आपल्यावर येऊ शकतो, त्या शाळेत ते घालायचं, याला हिंमत लागते. अंबाजोगाईच्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या पालकांनी ती दाखवली.

शाळेत अभ्यासक्रम शिकवला जायचाच. पण त्या पलीकडे बरंच काही होतं. देशात काय चाललंय, ब्रिटिश भारतात चळवळ कुठवर आली, लोकशाही म्हणजे काय, जबाबदार राज्यपद्धती म्हणजे काय, या गोष्टी पोरांच्या कानावर पडत होत्या. ज्याने लोकशाहीवर प्रबंध लिहिला होता तोच समोर हेडमास्तर म्हणून उभा होता. मास्तर आणि विद्यार्थी यांच्यात अंतर कमी होतं. वर्ग सुटला तरी शाळा सुटत नव्हती.

याचा परिणाम पुढच्या दहा वर्षांत दिसला.

खडू खाली ठेवायची वेळ

१९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. हैदराबाद संस्थानातल्या मराठी भागाचे प्रश्न मांडणारी ही संघटना. नावाला शिक्षण, शेती, सुधारणा असे विषय होते. आत मात्र धग राजकीय होती. स्वामीजी या कामात ओढले गेले आणि लवकरच परिषदेचे सरचिटणीस झाले.

१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस काढायचं ठरलं. निजामाने कमाल केली. संघटना रीतसर स्थापन व्हायच्या आधीच तिच्यावर बंदी घातली.

स्वामीजींसमोर आता दोन रस्ते होते. शाळा सांभाळायची की सत्याग्रह करायचा. तीन वर्षांत शाळेची घडी बसत आली होती. आपण तुरुंगात गेलो तर शाळेवर गदा येईल, हेही दिसत होतं. त्यांनी हेडमास्तरकी सोडली आणि शाळा सहकाऱ्यांच्या हाती दिली. एकट्या माणसाच्या नावावर चालणारी संस्था त्या माणसाबरोबर संपते. योगेश्वरी संपली नाही, कारण तोवर ती गावाची झाली होती.

ऑक्टोबर १९३८ मध्ये स्वामीजींनी सत्याग्रह केला आणि त्यांची तुरुंगाची पहिली मोठी वारी सुरू झाली.

त्याच हिवाळ्यात आणखी एक गोष्ट घडली, आणि आपल्या विषयाशी तिचा जवळचा संबंध आहे. औरंगाबादच्या कॉलेजात आणि मग उस्मानियाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणायला सुरुवात केली. विद्यापीठाने बंदी घातली. पोरं ऐकेनात. मग त्यांना काढून टाकलं. शेकडो विद्यार्थ्यांचं शिक्षण एका फटक्यात थांबलं.

या पोरांना दार उघडलं ते नागपूर विद्यापीठाने. कुलगुरू होते टी. जे. केदार. दुसऱ्या राज्याने हाकललेल्या विद्यार्थ्यांना प्रवेश देणं हे तेव्हा सोपं नव्हतं, पण त्यांनी तो दिला. नागपूरला गेलेल्या त्या पोरांमध्ये एक तेलुगू मुलगा होता. नाव पी. व्ही. नरसिंह राव. पुढे देशाचा पंतप्रधान झालेला हा माणूस हैदराबादच्या राजकारणात स्वामीजींच्या गटातला कार्यकर्ता होता आणि त्यांना गुरुस्थानी मानायचा.

एक विद्यापीठ दार बंद करतं आणि दुसरं उघडतं. समाजाशी नातं कशाला म्हणतात, ते या दोन विद्यापीठांच्या वागण्यातून त्या वर्षी दिसून आलं.

मास्तरांची फौज

पुढचा इतिहास तुम्हाला बऱ्यापैकी माहीत असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. १९४० चा वैयक्तिक सत्याग्रह, १९४२ चं आंदोलन, दर वेळी तुरुंग. १९४६ साली स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली आणि स्वामीजी तिचे अध्यक्ष झाले. देश स्वतंत्र होणार हे दिसू लागलं तसं निजामाने भारतात न येण्याचा पवित्रा घेतला. ७ ऑगस्ट १९४७ ला स्टेट काँग्रेसने भारतात सामील व्हा अशी मागणी करत आंदोलन छेडलं. १५ ऑगस्टला देशभर तिरंगा फडकत होता तेव्हा स्वामीजींना अटक झाली. मधले काही आठवडे सोडले तर पुढचं सगळं वर्ष ते गजाआड होते.

बाहेर रझाकारांचा धुमाकूळ चालू होता. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. गावं जाळली गेली, लोक सीमेपलीकडे सोलापूर, अहमदनगर, बुलढाण्याकडे पळाले. सीमेवर कॅम्प उभे राहिले. या कॅम्पांतून लढणाऱ्यांमध्ये मराठवाड्यातल्या राष्ट्रीय शाळांत घडलेले मास्तर आणि विद्यार्थी मोठ्या संख्येने होते.

हे काही अचानक घडलेलं नव्हतं. मराठवाड्याचा लढा बघितला तर जागोजागी मास्तर दिसतात. गोविंदभाई श्रॉफ हेही औरंगाबादला शिक्षक होते, नोकरी सोडून चळवळीत आले. सभा घ्यायला बंदी होती, पक्ष काढायला बंदी होती, वर्तमानपत्र काढणं मुश्किल होतं. अशा राज्यात चार पोरं एकत्र बसू शकतात अशी जागा उरली होती ती शाळा. लढ्यासाठी लागणारी माणसं म्हणूनच शाळांमधून मिळाली.

अखेर १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबादेत घुसलं आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. स्वामीजी सुटले.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. हे भांडण उर्दूशी नव्हतं. हैदराबादने भारतात यावं असं उर्दू वर्तमानपत्रातून छातीठोकपणे लिहिणारे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये ठार मारण्यात आलं. तेही याच लढ्याचे हुतात्मे आहेत. तक्रार भाषेबद्दल नव्हती. एका भाषेच्या दारातून गेल्याशिवाय कुणाला पुढे जाताच येऊ नये, या व्यवस्थेबद्दल होती.

सत्ता आली, तरी लक्ष शाळेकडेच

संस्थान विलीन झाल्यावर स्वामीजींना मोठं पद घेता आलं असतं. ते १९५२ साली गुलबर्ग्यातून आणि १९५७ साली औरंगाबादमधून लोकसभेवर निवडून गेले, पण मंत्रिपदाच्या शर्यतीत ते दिसले नाहीत. त्यांचे अंबाजोगाईचे सहकारी बाबासाहेब परांजपे हे १९५२ साली बीडचे खासदार झाले, तेही काँग्रेसच्या विरोधातल्या आघाडीकडून. शाळेत एकत्र काम केलेली माणसं राजकारणात वेगळ्या वाटांनी गेली, हेही नोंदवायला हवं.

स्वामीजींनी आणखी एका मुद्द्यावर ठाम भूमिका घेतली. हैदराबाद राज्याचे भाषेप्रमाणे तुकडे करून मराठी, तेलुगू आणि कन्नड भाग आपापल्या राज्यांना जोडावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्या राज्यासाठी आयुष्य झिजवलं ते राज्यच ठेवू नका असं सांगणं सोपं नव्हतं. त्यांच्याच पक्षात याला विरोध होता. पण आधीचा सगळा अनुभव बघितला की त्यांचं गणित समजतं. लोकांचं राज्य लोकांच्या भाषेत चालायला हवं, नाहीतर कचेरीतला कागद परत परकाच राहणार. १९५६ साली हैदराबाद राज्याचं विभाजन झालं आणि मराठवाडा मराठी मुलुखाला जोडला गेला.

दरम्यान शिक्षणाचं काम चालूच होतं. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, त्यामागे स्वामीजी होते. नावातच बघा, लोकांचं कॉलेज. पुढे नरहर कुरुंदकर याच कॉलेजचे प्राचार्य झाले. त्याच १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला आपल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे कॉलेज सुरू केलं, जे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं जातं. मराठवाड्यात उच्च शिक्षणाचा पाया सरकारच्या आधी समाजाने घातला, तो असा.

पण ही सगळी कॉलेजं सुरुवातीला जोडलेली होती उस्मानियालाच. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळायला २३ ऑगस्ट १९५८ उजाडावा लागला. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा कुठे इथल्या पोराला घराजवळ पदवीची सोय झाली.

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत स्वामीजींचं निधन झालं. बेगमपेठेत त्यांची समाधी आहे.

नाव उरलं, पण काम?

आज त्यांचं नाव मराठवाड्यात ठिकठिकाणी आहे. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. गावातल्या सरकारी दवाखान्याला लोक सहज 'स्वाराती' म्हणतात. स्वा-रा-ती. कित्येक पेशंटना आपण कुणाचं नाव घेतोय हे ठाऊकही नसेल.

यात एक विचित्र योगायोग आहे. नांदेडच्या विद्यापीठाच्या हद्दीत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे येतात. बीड येत नाही. बीडची कॉलेजं छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. म्हणजे ज्या अंबाजोगाईत स्वामीजी हेडमास्तर होते, तिथल्या पदवीधराच्या प्रमाणपत्रावर त्यांच्या नावाचं विद्यापीठ नसतं.

योगेश्वरीची शाळा मात्र आहे आणि तिची पुढे महाविद्यालयंही झाली. प्रमोद महाजन याच संस्थेत शिकले. अंबाजोगाईला मराठवाड्याचं पुणं म्हणतात, त्यात या शाळेचा वाटा मोठा आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. आज अंबाजोगाईच्या पोराला जपानी शिकायचंय. मराठी माणसाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. आपल्यासारखंच तिच्यात क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि विभक्तीसारखे प्रत्यय शब्दाच्या मागे लागतात. लिपी अवघड आहे, पण वाक्याची ठेवण ओळखीची वाटते. मराठीतून जपानी समजावून सांगणारा शिक्षक मिळाला तर पोरगं इंग्रजीच्या वळशाने जाण्यापेक्षा लवकर शिकेल.

असा शिक्षक येणार कुठून? त्याचं उत्तर या गोष्टीत आहे. कुठलं तरी विद्यापीठ आपल्या पदवीधरांना तालुक्याला पाठवायला तयार पाहिजे. त्या पदवीधराने तिथे चार वर्षं पाय रोवायला पाहिजेत. आणि गावाने त्याची सोय बघायला पाहिजे, सरकारी योजना येईपर्यंत थांबता कामा नये. आधी शिकवणारा घडवायचा, मग वर्ग भरवायचा. जपानने १८७२ साली हाच क्रम धरला होता.

हैदराबादचे अधिकारी तो क्रम बघायला जहाजाने टोकियोपर्यंत गेले होते. त्यांच्याच राज्यातल्या मोमिनाबादला, बाराव्या शतकापासून मराठी लिहिणाऱ्या गावात, एक संन्यासी तो क्रम लोकवर्गणीवर चालवून दाखवत होता.